दोन उपवाक्यं, एक सांधा: इंग्रजी उभयान्वयी अव्ययांविषयी प्रश्नोत्तरे

इंग्रजीत ई-मेल, अर्ज आणि अहवाल लिहिणाऱ्या वाचकांनी विचारलेल्या काही प्रश्नांची ही उत्तरं.

प्रश्न: ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट’ असं लिहिलं की ‘बट’ खोडलं जातं. मराठीत ‘जरी’ आला की ‘तरी’ येतोच, मग इंग्रजीत का चालत नाही?

मराठी दोन्ही उपवाक्यांना खूण लावते: जरी–तरी, जेव्हा–तेव्हा, ज्याअर्थी–त्याअर्थी. इंग्रजी एकाच उपवाक्याला लावते आणि तेवढ्यानेच दोन्ही जोडली गेली असं मानते. म्हणून लिहून झालं की मोजायची सवय लावा. आपापल्या कर्त्याची, काळ दाखवणारी क्रियापदं जितकी, तितकी उपवाक्यं. आणि जोडणारे शब्द त्याहून एक कमी. वरच्या वाक्यात ‘वॉज रेनिंग’ आणि ‘वेंट’ अशी दोन क्रियापदं आहेत, म्हणजे सांधा एकच हवा. ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी वेंट आउट’ बरोबर. ‘इट वॉज रेनिंग, बट वी वेंट आउट’ हेही बरोबर. ‘बिकॉज’ आणि ‘सो’ यांचंही असंच आहे: ‘बिकॉज आय वॉज लेट, सो आय टुक अ टॅक्सी’ यातला कोणताही एक शब्द काढा.

दोन्ही पर्याय शुद्ध असले तरी वजन वेगळं पडतं. ‘ऑल्दो’ आपल्या उपवाक्याला गौण करतं, त्यामुळे पाऊस मागे सरतो आणि बाहेर पडणं पुढे येतं. ‘बट’ दोन्ही गोष्टी बरोबरीने मांडतं. नकार कळवताना किंवा तक्रार करताना हा फरक खूप कामी येतो.

मोजताना तीन गोष्टी ध्यानात ठेवा. ‘आयदर–ऑर’, ‘नॉट ओन्ली–बट ऑल्सो’ या ठरलेल्या जोड्या एकच सांधा धराव्यात. ‘आय थिंक ही इज राइट’ यात ‘दॅट’ लपलेलं आहे, तेही मोजायचं. आणि ‘स्टिल’ किंवा ‘इफ’नंतरचं ‘देन’ ही क्रियाविशेषणं आहेत, ती सांध्यात धरायची नाहीत. म्हणून ‘ऑल्दो इट वॉज रेनिंग, वी स्टिल वेंट आउट’ हे अगदी योग्य. ‘तरी’चा जोर हवाच असेल, तर तो असा आणा.

प्रश्न: ‘द फॉर्म वॉज करेक्ट, हाउएव्हर द फोटो वॉज ओल्ड’ यात चूक काय? ‘बट’ आणि ‘हाउएव्हर’ यांचा अर्थ तर एकच आहे.

अर्थ जवळचा आहे, पण काम वेगळं. ‘हाउएव्हर’ इथे क्रियाविशेषण आहे, उभयान्वयी अव्यय नाही. ओळखायची खूण सोपी आहे: शब्द जागेवरून हलवून बघा. ‘द फोटो, हाउएव्हर, वॉज ओल्ड’ असं म्हणता येतं. ‘द फोटो, बट, वॉज ओल्ड’ असं म्हणता येत नाही. जो शब्द असा फिरतो तो सांधत नाही. म्हणजे तुमच्या वाक्यात उपवाक्यं दोन आणि सांधे शून्य. नुसत्या स्वल्पविरामावर दोन पूर्ण वाक्यं टांगलेली आहेत. इंग्रजी लेखनातली ही फार नेहमीची चूक आहे.

दुरुस्ती अशी: ‘हाउएव्हर’च्या आधी पूर्णविराम किंवा अर्धविराम, आणि नंतर स्वल्पविराम. अर्धविराम स्वतःच सांध्याचं काम करतो. ‘देअरफोर’, ‘मोरओव्हर’, ‘नेव्हरदलेस’ यांनाही हाच नियम लागू. ‘देन’ तर हमखास फसवतं: ‘आय चेक्ड द फाइल, देन आय सेंट इट’ नको, ‘अँड देन आय सेंट इट’ हवं. रोजच्या ई-मेलमध्ये मात्र सरळ ‘बट’ लिहावं. ते लहान आहे, स्पष्ट आहे आणि विरामचिन्हांचा घोळ होऊ देत नाही.

स्वल्पविरामासह दोन समान वाक्यं जोडू शकणारी मुख्य अव्ययं सात: फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो. इंग्रजी आद्याक्षरं जुळवून ती ‘फॅनबॉइज’ अशी पाठ करतात. यातलं ‘कारण’ या अर्थाचं ‘फॉर’ आज पुस्तकी वाटतं. ‘नॉर’नंतर प्रश्नासारखी रचना येते: ‘ही डिड नॉट कॉल, नॉर डिड ही राइट.’

प्रश्न: ‘अँड’च्या आधी स्वल्पविराम द्यायचा की नाही?

‘अँड’च्या पुढे कर्ता आहे का ते बघा. ‘शी ओपन्ड द फाइल, अँड आय चेक्ड द डेट्स’ इथे दुसरा कर्ता आहे, स्वल्पविराम द्या. ‘शी ओपन्ड द फाइल अँड चेक्ड द डेट्स’ इथे कर्ता तोच आहे, देऊ नका. दोन्ही उपवाक्यं अगदी छोटी असतील तर पहिल्या प्रकारातही तो गाळला जातो. ‘बट’नंतर लगेच स्वल्पविराम टाकण्याची सवय मात्र मोडा.

प्रश्न: वाक्याची सुरुवात ‘बिकॉज’ने करू नये असं शिकवलं होतं. खरं आहे का?

नाही. पुढे मुख्य वाक्य असेल तर खुशाल करा: ‘बिकॉज द रोड वॉज क्लोज्ड, वी टर्न्ड बॅक.’ चूक होते ती ‘बिकॉज द रोड वॉज क्लोज्ड’ एवढंच लिहून पूर्णविराम दिला की. गौण उपवाक्य आधी आलं तर त्याच्या शेवटी स्वल्पविराम. ‘बिकॉज’ मागे आलं तर सहसा नको. ‘अँड’ किंवा ‘बट’ने वाक्य सुरू करायलाही व्याकरणाची बंदी नाही.

प्रश्न: ‘आय डोन्ट नो दॅट व्हेअर ही लिव्ज’, ‘वेट अन्टिल ही डज नॉट कम’, ‘आय विल कॉल यू व्हेन ही विल कम’ ही तिन्ही वाक्यं चुकीची ठरली. कारण एकच आहे का?

उगम एकच आहे: तिन्हींच्या मागे मराठी रचना आहे. दोष मात्र वेगवेगळे.

पहिल्यात ‘मला माहीत नाही की तो कुठे राहतो’ मधला ‘की’ उतरला. प्रश्नार्थक शब्द तिथे स्वतःच सांधतो, म्हणून दोन उपवाक्यांना दोन सांधे झाले. ‘दॅट’ काढा: ‘आय डोन्ट नो व्हेअर ही लिव्ज.’ आतला क्रम विधानाचाच ठेवा. ‘व्हेअर डज ही लिव्ह’ नको. ‘ही सेड दॅट’मधल्या ‘दॅट’नंतर स्वल्पविराम टाकणंही याच ‘की’च्या ओढीने होतं.

दुसऱ्यात ‘जोपर्यंत तो येत नाही’ मधला नकार आला. ‘अन्टिल’ म्हणजे ‘येईपर्यंत’. मनात तोच शब्द धरा, नकार आपोआप योग्य जागी जातो: ‘वेट अन्टिल ही कम्स’, ‘तो येईपर्यंत मी निघणार नाही’ म्हणजे ‘आय विल नॉट लीव्ह अन्टिल ही कम्स’. ‘अनलेस’मध्येही नकार आधीच भरलेला आहे. ‘अनलेस यू डोन्ट साइन’ लिहिलं तर अर्थ उलटतो, आणि करारात किंवा सूचनेत ते महागात पडतं.

तिसऱ्यात काळ चुकला. वेळ किंवा अट सांगणाऱ्या उपवाक्यात भविष्याबद्दल बोलतानाही साधा वर्तमानकाळ वापरतात: ‘आय विल कॉल यू व्हेन ही कम्स’, ‘इफ इट रेन्स, वी विल स्टे’. पण ‘आय डोन्ट नो व्हेन ही विल कम’ हे बरोबर आहे, कारण तिथे ‘व्हेन’चं उपवाक्य वेळ सांगत नाही, ते ‘नो’चं कर्म आहे. मराठीत ‘तेव्हा’ घालून बघा. बसला तर वर्तमानकाळ, नाही बसला तर ‘विल’ चालतं.

प्रश्न: ‘वी डिड नॉट कॅन्सल द मीटिंग बिकॉज ही वॉज ऍब्सेंट’ या वाक्यावरून दोघांनी दोन अर्थ काढले. कोणाचं बरोबर?

दोघांचंही, आणि म्हणूनच वाक्य बदलायला हवं. नकारानंतर ‘बिकॉज’ आलं की नकार कशाला लागतो ते ठरत नाही. तो नव्हता म्हणून सभा रद्द केली नाही, हा एक अर्थ. सभा रद्द केली, पण त्याच्या गैरहजेरीमुळे नव्हे, हा दुसरा. पहिला अभिप्रेत असेल तर कारण पुढे घ्या: ‘बिकॉज ही वॉज ऍब्सेंट, वी डिड नॉट कॅन्सल द मीटिंग.’ दुसरा असेल तर ‘वी कॅन्सल्ड द मीटिंग, बट नॉट बिकॉज ही वॉज ऍब्सेंट.’

‘सिन्स’ आणि ‘ऍज’ यांनाही वेळ आणि कारण असे दोन अर्थ आहेत. ‘सिन्स ही लेफ्ट, द वर्क हॅज स्लोड डाउन’ म्हणजे तो गेल्यापासून की तो गेल्यामुळे? कारणच सांगायचं असेल तर ‘बिकॉज’ लिहा.

प्रश्न: ‘डिस्पाइट ही वॉज इल’ का चालत नाही?

‘डिस्पाइट’ हे शब्दयोगी अव्यय आहे. त्याच्यापुढे नाम किंवा ‘-इंग’ रूप येतं, कर्ता-क्रियापदाचं उपवाक्य नाही. ‘डिस्पाइट हिज इलनेस’ किंवा ‘डिस्पाइट बीइंग इल’ म्हणा. उपवाक्यच हवं असेल तर ‘ऑल्दो ही वॉज इल’. ‘बिकॉज’ आणि ‘बिकॉज ऑफ’, ‘व्हाइल’ आणि ‘ड्युरिंग’ या जोड्यांमध्येही फरक हाच: पहिल्यापुढे उपवाक्य, दुसऱ्यापुढे नाम. ‘इन स्पाइट ऑफ’ला ‘ऑफ’ लागतो. ‘डिस्पाइट’ला कधीच लागत नाही.