‘शंभर टक्के पैसा पेशंटवर’ म्हणणाऱ्या संस्थेला काय विचारायचं?

प्रश्न : नमस्कार ताई, मी नागपुरात मानेवाड्याला राहते. आई गेली त्याला आता वर्ष होईल. तिच्या नावानं सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावर काम करणाऱ्या संस्थेला एक लाख रुपये द्यायचे असं बाबांच्या मनात आहे, कारण आमच्या नात्यातलीच दोन मुलं एसएस, म्हणजे या आजाराची पेशंट आहेत. एका संस्थेचे लोक घरी येऊन गेले, शिबिरांचे फोटो दाखवले, हजारो लोकांची तपासणी केली म्हणाले आणि आमच्याकडे शंभर टक्के पैसा पेशंटवरच जातो असंही म्हणाले. भाऊ म्हणतो ॲडमिनचा खर्च १० टक्क्यांच्या वर असेल तर एक रुपया द्यायचा नाही. बाबा म्हणतात धर्मादायचा नंबर आहे ना, मग झालं. नेमकं काय बघायचं?

उत्तर : बाबांच्या मनात आलंय ते फार चांगलं आहे, ते चौकशीच्या भानगडीत थंड पडू देऊ नका. पण धर्मादायचा नंबर म्हणजे संस्था नोंदलेली आहे, एवढंच. १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नंबर एकदा मिळतो, हिशेब मात्र दरवर्षी ऑडिट करून द्यावा लागतो, आणि नंबर असूनही ऑडिट न देणाऱ्या संस्था असतात. म्हणून संस्थेकडे गेल्या तीन वर्षांचे ऑडिट रिपोर्ट मागा. नीट चालणारी संस्था दोन दिवसांत पीडीएफ पाठवते. टाळाटाळ झाली तर नागपुरातच धर्मादाय सहआयुक्तांचं ऑफिस आहे, तिथे अर्ज करून नक्कल मागता येते.

आता भावाचं १० टक्के. आणि त्या लोकांचं शंभर टक्के. मला दोन्ही पटत नाही, आणि खरं सांगायचं तर शंभर टक्केवाल्यांची मला जास्त काळजी वाटते. सिकलसेलचं काम म्हणजे मुख्यतः माणसांचं काम आहे. शिबिरात करतात ती सोल्युबिलिटी टेस्ट स्वस्त आणि झटपट असते, पण ती फक्त सिकलचं हिमोग्लोबिन रक्तात आहे की नाही एवढंच सांगते, तो माणूस एएस म्हणजे वाहक आहे की एसएस म्हणजे पेशंट हे तिच्यातनं कळत नाही, त्यासाठी पुढे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही लॅबमधली तपासणी करावी लागते, रिपोर्ट घरी पोचवावा लागतो, समजावून सांगावा लागतो, नवराबायको दोघं एएस असतील तर प्रत्येक बाळंतपणात बाळ एसएस असण्याची शक्यता २५ टक्के असते हे कुणीतरी बसून बोलावं लागतं. हे करणारा टेक्निशियन, समुपदेशक, गाडीचं पेट्रोल, फोन करणारी मुलगी, यांचा पगार म्हणजेच पेशंटवरचा खर्च. तो होत नाही म्हणणारी संस्था एकतर खर्च दुसरीकडे दाखवते नाहीतर हे काम करतच नाही.

ऑडिट रिपोर्टमध्ये शेड्यूल ९ म्हणजे जमाखर्च बघा. त्यात ट्रस्टच्या उद्दिष्टांवरचा खर्च असं एक हेड असतं आणि त्याखाली वैद्यकीय मदत वेगळी लिहिलेली असते, तर ऑफिसचा खर्च आस्थापना म्हणून वेगळा. टेक्निशियनचा पगार कुणी इकडे टाकतं कुणी तिकडे, त्यामुळे दोन संस्थांचे टक्के शेजारी ठेवून काही कळत नाही. त्याच संस्थेची तीन वर्षं शेजारी ठेवा आणि काय अचानक वाढलं ते विचारा. विश्वस्तांचं मानधन याच पानावर वेगळ्या ओळीत असतं.

शेड्यूल ८ म्हणजे ताळेबंद, त्यात ॲडव्हान्सेसखाली विश्वस्तांना दिलेली उचल लिहिलेली असते. ती दरवर्षी तशीच पुढे ओढली जात असेल तर थांबा. ऑडिटरच्या रिपोर्टमध्येही एक जागा असते जी लोक वाचतच नाहीत, कुणी विश्वस्त ट्रस्टचा देणेकरी किंवा घेणेकरी आहे का, सभा नियमित होतात का, अशा प्रश्नांची तिथे उत्तरं द्यावी लागतात. नुसतं ‘हो’, ‘नाही’ असलं तरी वाचा. शिवाय तोंडी विचारा, दवाखान्याची जागा कुणाची, भाडं कुणाला जातं, औषधं कुणाच्या दुकानातून येतात? विश्वस्ताच्या मेव्हण्याचं मेडिकल स्टोअर असलं म्हणजे लगेच चोरी झाली असं नाही, पण मग दोन-तीन कोटेशनं घेतली होती का, हे विचारायचा हक्क आपल्याला आहे. फुकट मिळालेली औषधं एमआरपीनं धरून काम मोठं दाखवतात, तेही तपासा.

विश्वस्तांची नावं लेटरहेडवर वेगळी आणि धर्मादायच्या रेकॉर्डवर वेगळी असू शकतात. चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची नोंद करायचे अर्ज, वर्षानुवर्षं पेंडिंग राहतात, त्यावरून कुणाला चोर ठरवू नका, पण अर्जाची पोच बघायला मागा.

आणि हे सगळं करून जो प्रश्न विचारायचाच आहे तो पैशाचा नाही. त्या हजारो तपासण्यांमधून एसएस किती निघाले, त्यातले आज किती जण सिकलसेलचं औषध, म्हणजे हायड्रॉक्सीयुरिया, नियमित घेतायत, आणि त्यांचं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची तपासणी, शेवटचं कधी झालं? २०२३ च्या जुलैत केंद्र सरकारनं शहडोलहून सिकलसेल निर्मूलनाचं मिशन सुरू केलं, ४० वर्षांपर्यंतच्या ७ कोटी लोकांच्या तपासणीचं लक्ष्य घेऊन, त्यामुळे तपासणीचा आकडा सरकारचा की संस्थेचा हेही विचारा. हायड्रॉक्सीयुरिया सरकारी दवाखान्यातूनही मिळतं, मग संस्था त्यावर काय जास्तीचं करते? गडचिरोलीच्या आतल्या गावातला मुलगा गोळ्या संपल्या म्हणून घरी बसलाय, त्याला शोधून पुन्हा मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात आणणारी संस्था तुमच्या लाखाची खरी हक्कदार आहे, तिचा अल्बम साधा का असेना. पेशंटची नावं मागू नका, ती त्यांनी द्यायलाही नकोत, नुसते आकडे पुरे.

एक लाख एकदम देऊ नका. आधी २५ हजार द्या, कशासाठी ते पत्रात लिहा, सहा महिन्यांनी काय झालं ते विचारा. कॉर्पसमध्ये, म्हणजे संस्थेच्या कायम निधीत, देणार असाल तर मूळ रक्कम गुंतवलेली राहते आणि साधारणपणे व्याजच वापरलं जातं, हे बाबांना आधी नीट सांगा, आईच्या नावानं या वर्षीच कुणाला तरी उपचार मिळावेत असं त्यांना वाटत असेल तर कॉर्पस नको.

प्रश्न : मी गेल्या वर्षी एका आरोग्य संस्थेला १० हजार रुपये रोख दिले. पावतीवर ८०जी, म्हणजे देणगीवर आयकरात सूट देणारं कलम, छापलंय, पण सीए म्हणतो सूट मिळणार नाही. असं कसं? – एक वाचक, प्रतापनगर

उत्तर : सीए बरोबर सांगतोय. रोख २ हजारांच्या वरच्या देणगीला ८०जीची सूट नाही. शिवाय संस्थेनं देणगीदारांची यादी आयकर खात्याला ३१ मेपर्यंत कळवायची आणि तुम्हाला १०बीई फॉर्ममधलं सर्टिफिकेट द्यायचं असा नियम २०२१-२२ पासून आहे, नुसती छापील पावती पुरत नाही. आणि तुम्ही नव्या टॅक्स रेजिममध्ये असाल तर ही सूट मुळातच नाही. पुढच्या वेळी चेक किंवा यूपीआयनं द्या, तेही संस्थेच्या नावावरच्या खात्यात, कार्यकर्त्याच्या मोबाईल नंबरवर नाही.