सराव इतका, तरी इंग्रजीचे गुण का हलत नाहीत?

प्रवेशपरीक्षा जवळ आल्या की समुपदेशनासाठी माझ्याकडे येणाऱ्या मुलांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं: ‘माझं इंग्रजी कच्चं आहे.’ पालकांचं वाक्यही ठरलेलं: ‘सराव भरपूर करते हो, पण गुण जागचे हलत नाहीत.’ मुलांचा अभ्यास कमी नसतो. व्याकरणाची पुस्तकं संपवून झालेली असतात, उताऱ्यांचे संच सोडवलेले असतात, सराव चाचण्या देऊन झालेल्या असतात. म्हणून तर घाबरायला होतं. मेहनत केली नसती तर निदान कारण तरी हाताशी असतं.

अशा बऱ्याच जणांची गोष्ट एका मुलीच्या निमित्ताने सांगते. तिला आपण मैथिली म्हणू. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, आणि बऱ्याच भेटींमधलं बोलणं इथे थोडक्यात आणलं आहे.

‘मॅडम, टेन्स येतात, आर्टिकल्स येतात, सगळे नियम पाठ आहेत. पण पेपरात उतारा समोर आला की डोकं बंद पडतं,’ पहिल्या भेटीत ती म्हणाली.

‘बंद पडतं म्हणजे नेमकं काय होतं?’

‘तीच ओळ परत परत वाचते. शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते.’

‘आणि वाचताना मनात काय चाललेलं असतं?’

ती जरा थांबली. ‘हेच, की हे मला आलंच पाहिजे. बाकीच्यांना येत असणार. इथे अडकले तर सगळं गेलं.’

तिचं हे उत्तर मी वहीत जसंच्या तसं लिहून ठेवलं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास विवेकनिष्ठ मानसोपचारांची मांडणी सुरू केली. माणसाला प्रसंग जितका त्रास देतो, त्याहून जास्त त्रास त्या प्रसंगाबद्दलचा त्याचा हट्टी आग्रह देतो, हे त्यांचं सांगणं माझ्या कामाचा पाया आहे. ‘हे आलं तर फार बरं होईल’ ही इच्छा झाली, आणि ती माणसाला कामाला लावते. ‘हे आलंच पाहिजे, नाहीतर मी कुचकामी’ हा आग्रह झाला. तो माणसाला जागच्या जागी थिजवतो. मैथिलीचा प्रत्येक उतारा या आग्रहाच्या देखरेखीखाली वाचला जात होता.

पण नुसतं एवढं सांगून तिला घरी पाठवलं असतं, तर ‘मॅडम म्हणाल्या घाबरू नकोस’ इतकंच तिच्या हाती लागलं असतं. भीतीचा धागा अभ्यासाच्या कुठल्या जागी अडकला आहे, ते शोधायचं होतं. म्हणून तिला म्हटलं, ‘पुढच्या वेळी सोडवलेले कागद घेऊन ये. चुकलेलेही, बरोबर आलेलेही.’

तिची रोजची पद्धत आखीव होती. सकाळी व्याकरणाचं एक प्रकरण, म्हणजे त्या प्रकरणाचे नियम आणि त्याखालची वाक्यं. संध्याकाळी घड्याळ लावून दोन उतारे. मग उत्तरसूची काढायची, बरोबर-चूक मोजायचं, वर गुण लिहायचे आणि पान उलटायचं. गुण कमी आले तर आणखी एक उतारा. चुकलेल्या प्रश्नाकडे दुसऱ्यांदा बघायची तिला भीती वाटायची. तो प्रश्न तिच्या दृष्टीने निकाल होता, आणि निकाल काही कोणी पुन्हा पुन्हा वाचत नाही.

त्या कागदांत एकाच दिवशी सोडवलेली दोन पानं होती. सकाळच्या पानावर प्रश्न होता, ‘द लिस्ट ऑफ बुक्स’ याच्यापुढे ‘इज’ येईल की ‘आर’. तिने ‘इज’ लिहिलं होतं, अगदी बरोबर. संध्याकाळच्या उताऱ्यात एक वाक्य होतं: ‘द रिपोर्ट ऑन द रिव्हर्स दॅट सप्लाय वॉटर टु द टाउन्स वॉज इग्नोअर्ड फॉर इयर्स.’ खाली प्रश्न होता, वर्षानुवर्षं दुर्लक्ष कशाकडे झालं? मैथिलीने खूण केली होती ‘नद्यांकडे’ या पर्यायावर.

मी दोन्ही पानं शेजारी शेजारी ठेवली.

‘सकाळी “इज” का लिहिलंस?’

‘कारण कर्ता “लिस्ट” आहे, “बुक्स” नाही.’

‘आता संध्याकाळचं वाक्य वाच. इथे “वॉज” का आलं असेल?’

तिने वाक्य वाचलं. पुन्हा वाचलं. या वेळी मात्र ते पुन्हा वाचणं अडकल्यामुळे नव्हतं, तिचं बोट एकेका शब्दाखाली सरकत होतं. ‘नद्या असत्या तर “वेअर” आलं असतं,’ ती हळू म्हणाली. मग एकदम मान वर करून, ‘म्हणजे रिपोर्ट! दुर्लक्ष रिपोर्टकडे झालं. मॅडम, हा तर सकाळचाच प्रश्न आहे! पण इथे वर तसं लिहिलेलं नव्हतं ना.’

‘इथे वर तसं लिहिलेलं नव्हतं’ या एका वाक्यासाठी आधीच्या सगळ्या भेटी झाल्या असं मला वाटतं. तिचं दुखणं तिने स्वतःच नेमकं सांगितलं होतं. प्रकरणाच्या माथ्यावर ‘कर्ता आणि क्रियापदाचा मेळ’ असं छापलेलं असलं की अर्धं उत्तर तिथेच मिळतं, कारण काय शोधायचं ते आधीच सांगितलेलं असतं. उताऱ्याच्या माथ्यावर असं काही छापलेलं नसतं. व्याकरण सकाळी आणि आकलन संध्याकाळी अशी विभागणी वेळापत्रकात ठीक आहे. वाक्यात मात्र दोन्ही एकाच वेळी चाललेलं असतं. इंग्रजीचा नियम तिला येत होता. त्या नियमाने वाचायचं असतं, हे तिला कोणी दाखवलं नव्हतं.

ती नद्यांपाशी का थांबली, तेही बघण्यासारखं आहे. त्या वाक्यात ‘सप्लाय’ हे पहिलं क्रियापद येतं आणि त्याचा कर्ता नद्याच आहेत. पण ते मधल्या उपवाक्यातलं क्रियापद. मुख्य क्रियापद त्याच्या पुढे आहे, आणि तिथे पोचेपर्यंत ‘रिपोर्ट’ हा शब्द मनात धरून ठेवावा लागतो. आता आठवा, वाचताना तिच्या मनात काय चाललं होतं: हे आलंच पाहिजे, बाकीच्यांना येत असणार, सगळं गेलं. मनाची एका वेळी धरून ठेवण्याची जागा फार थोडी असते. ती जागा या वाक्यांनी व्यापली की कर्ता हातून निसटतो, आणि जवळ दिसेल त्या नामाला आपण कर्ता करून टाकतो. त्यात नद्यांकडे दुर्लक्ष होणं हे जगात सहज खरं वाटणारं. ‘शेवटाला पोचेपर्यंत सुरुवात विसरलेली असते’ असं ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, ते शब्दशः खरं होतं. तिची भीती आणि तिचं व्याकरण एकाच जागी भेटत होते. समुपदेशनात अशी जागा सापडली की काम सोपं होतं. ती शोधण्याची सवय मला इतक्या वर्षांनी लागली आहे, आणि त्याचं समाधानही आहे.

त्या दिवशी आम्ही तिच्या ‘कच्चं’ या शब्दाचे तुकडे केले. मी विचारलं, ‘तुझं इंग्रजी कच्चं आहे की लांब वाक्यात मुख्य क्रियापद शोधायची तुला सवय नाही?’ ती हसली. पहिल्या वाक्यावर काही उपाय करता येत नाही, दुसऱ्यावर उद्या सकाळपासून करता येतो. स्वतःवर शिक्का मारू नका, कृतीचं मोजमाप करा, हे एलिस यांचं सांगणं मुलांना तत्त्वज्ञान म्हणून पटायला वेळ लागतो. चुकलेला प्रश्न समोर ठेवून दाखवलं की लगेच पटतं.

मग तिने एक वही सुरू केली. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नासाठी तिच्यात एकच ओळ लिहायची: चुकीचा पर्याय मला खरा का वाटला? बरोबर उत्तर लिहायचं नाही, ते सूचीत आहेच. मी हे अनेक मुलांना करायला लावते, आणि सुरुवातीला जवळजवळ सगळ्यांची उत्तरं ‘घाईमुळे’ किंवा ‘लक्ष नव्हतं’ अशी येतात. ती मी चालू देत नाही. घाई सगळ्या पर्यायांसाठी सारखीच होती. मग नेमका हाच का निवडला? या प्रश्नाला टिकून राहिलं की ओळी बदलायला लागतात. मैथिलीच्या वहीत पुढे असं येऊ लागलं: ‘हे जगात खरं आहे, पण उताऱ्यात म्हटलेलं नाही.’ ‘हे उताऱ्यात आहे, पण विचारलंय वेगळं.’ ‘उतारा म्हणतो काही वेळा, पर्याय म्हणतो नेहमी.’ आणि सगळ्यांत जास्त वेळा, ‘कर्ता चुकला.’ ‘ऑल्वेज’, ‘ओन्ली’, ‘नेव्हर’ असे शब्द असलेला पर्याय सरसकट चूक समजावा असं काही शिकवण्यांत सांगतात. मला ते पटत नाही. उतारा स्वतः तिथपर्यंत जातो का, एवढंच बघायचं. कधी कधी तो जातोही.

या वहीमुळे व्याकरणाकडे बघण्याची तिची नजर बदलली. ‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांतला फरक तिला पाठ होता: पहिल्याचा अर्थ जवळजवळ नाहीच, दुसऱ्याचा थोडे तरी. पण लेखक निराश आहे की आशावादी, असा प्रश्न त्या एका ‘अ’वर ठरू शकतो, हे तिने पहिल्यांदा पाहिलं. ‘अनलेस’मध्ये नकार दडलेला असतो. ‘हार्डली’ दिसायला साधा, पण वाक्याचा अर्थ उलटा करतो. ‘हाउएव्हर’ आला की लेखकाचं खरं म्हणणं बहुधा पुढे असतं. नियमांच्या यादीत हे सगळे शब्द एकेकटे बसलेले असतात. उताऱ्यात ते अर्थ फिरवतात.

तिच्यासारखाच अडकलेला मुलगा किंवा मुलगी घरात असेल, तर सरावात मी तीन बदल सुचवते.

पहिला बदल घड्याळाचा. वेग वाढवायचा म्हणून पहिल्या दिवसापासून घड्याळ लावणं मला मान्य नाही. आधी काही दिवस वेळ न लावता वाचावं आणि प्रत्येक लांब वाक्यात मुख्य क्रियापद शोधून ‘कोण?’ किंवा ‘काय?’ असं विचारावं. ही सवय अंगवळणी पडली की वेग आपोआप येतो. मग घड्याळ लावावं, आणि परीक्षेच्या आधी तर लावावंच.

दुसरा बदल वाचण्याच्या सुरुवातीचा आणि शेवटाचा. ब्रॅन्सफर्ड आणि जॉन्सन या संशोधकांनी 1972 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. कपडे धुण्याबद्दलचा साधा उतारा, पण विषय कुठेच न सांगता लिहिलेला. ज्यांना विषय आधी सांगितला त्यांना तो नीट कळला आणि जास्त आठवला. ज्यांना वाचून झाल्यावर सांगितला त्यांना त्याचा फायदा झाला नाही. शब्द सगळ्यांना येत होते, तरीही. म्हणून पहिला परिच्छेद वाचून झाल्यावर थांबावं आणि हा उतारा कशाबद्दल आहे ते एका ओळीत, हवं तर मराठीत, स्वतःला सांगावं. अनोळखी शब्दाशी तिथेच झुंजत बसू नये. प्रश्न त्या शब्दावर अवलंबून असेल तरच परत यावं. उतारा संपला की तो झाकून काय वाचलं ते आठवून बघावं. रोडिगर आणि कार्पिकी यांच्या 2006 मधल्या प्रयोगात, पुन्हा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून बघणारे पुढे गेले. पुन्हा वाचताना ‘येतंय’ असं वाटतं, आणि अभ्यास करणाऱ्या मुलांची सगळ्यांत मोठी फसवणूक या वाटण्याने होते.

तिसरा बदल व्याकरणाचा. प्रकरणवार सराव एकदा झाला की पुढे प्रश्न सरमिसळ करून सोडवावेत, म्हणजे कुठला नियम लावायचा हेही स्वतःलाच ठरवावं लागतं. सुरुवातीला गुण कमी होतील. मैथिलीचेही झाले, आणि तिने घाबरून फोन केला. मी विचारलं, ‘वहीत ओळी लिहिता येतायत का?’ येत होत्या. ‘मग चालू ठेव.’

तिचे गुण पुढे वाढले, एकदम नाही, टप्प्याटप्प्याने. मधे एक चाचणी वाईटही गेली. त्या वेळी ती म्हणाली, ‘वाईट वाटलं, पण डोकं बंद नाही पडलं.’ मला हे उत्तर गुणांपेक्षा मोलाचं वाटलं. वाईट वाटायलाच हवं, मेहनत घेतलेली असते. निराशा होणं आणि कोलमडणं यांत जे अंतर आहे, तेवढ्यासाठीच मी काम करते.

तिच्या आईंनाही मी एक गोष्ट करायला सांगितली होती. चाचणी झाल्यावर ‘किती आले?’ हा प्रश्न पहिला नको. त्याऐवजी विचारा, ‘आज कुठला चुकीचा पर्याय तुला खरा वाटला?’ त्यांना इंग्रजीची भीती होती. म्हणाल्या, ‘अहो, मला तिचं उत्तर कळणार कसं?’ मी म्हटलं, तुम्हाला कळायची गरज नाही, तिला ते सांगता यायला हवं. पुढे एकदा त्या एकट्याच आल्या आणि सांगू लागल्या, ‘आता जेवताना ती मला समजावते, वाक्यात खरा मालक कोण आणि मधे नुसते पाहुणे कोण. परवा मी पेपरातलं एक लांबलचक वाक्य तिला वाचून दाखवलं आणि विचारलं, यातलं क्रियापद हेच ना? तर म्हणाली, नाही आई, अजून पुढे वाच.’