केस पेपरवर "गाडी स्लिप" लिहिलं गेलं असेल तर

ताई, वडनेरजवळ हायवेवर कारने तुमच्या दिराच्या मोटारसायकलला मागून धडक दिली, मांडीचं हाड मोडलं, आणि आता विमा कंपनी मोठ्या दवाखान्याच्या केस पेपरवरचं "गाडी स्लिप होऊन पडला" हे दाखवून दावा नाकारते आहे, असं तुम्ही लिहिलंय. आमच्या घरचा दावा नेमका याच ओळीवर अडला होता, म्हणून सविस्तर लिहितो. एफआयआर, पॉलिसी नंबर वगैरे झालं असेल असं धरतो. मी वकील नाही. शेवटचा शब्द तुमच्या वकिलाचा.

ही ओळ येते कशी ते आधी समजून घ्या. पेशंट शुद्धीवर नसतो. सोबत गावचा एखादा पोरगा असतो, त्याने धडक पाहिलेलीच नसते. काय झालं विचारलं की तो म्हणतो, "गाडीवरून पडला जी." तेच लिहिलं जातं आणि डिस्चार्ज कार्डापर्यंत त्याचीच नक्कल होत जाते. कंपनीचा तपासनीस सगळ्यात आधी हाच कागद काढतो, कारण स्वतःच घसरला म्हटलं की कारवाल्याचा दोषच उरत नाही.

आता डॉक्टरांच्या मागे लागून तिथे खाडाखोड करून घेऊ नका. वेगळ्या शाईतली दुरुस्ती उलटतपासणीत मूळ चुकीपेक्षा जास्त महाग पडते. ती ओळ राहू द्या, तिच्या आधीचे कागद गोळा करा. 108 च्या गाडीत भरलेला फॉर्म, पहिल्या सरकारी दवाखान्यातली नोंद, तिथली रेफर चिठ्ठी. धडकेनंतर तासाभरात लिहिलेल्या चिठ्ठीवर "आरटीए" (म्हणजे रस्ता अपघात) किंवा "कारची धडक" असेल, तर नंतरच्या केस पेपरपेक्षा तिचं वजन जास्त. 1033 या हायवेच्या मदत क्रमांकावर फोन गेला असेल तर त्याचीही नोंद असते. टोल नाक्याचं फुटेज काही दिवसांनी पुसलं जातं, म्हणून ते जपून ठेवायचं पत्र तपास अधिकाऱ्याकडून आजच पाठवायला लावा.

सगळ्यात जास्त छळलं ते दवाखान्याच्या रेकॉर्ड विभागाने. नाव घेत नाही. "साहेब नाहीत", "फाईल वर गेली", आणि प्रत मात्र नाही. तोंडी मागून काही होत नाही. पेशंटच्या सहीचा अर्ज दोन प्रतींत द्या, एकीवर आवक नंबर आणि शिक्का घ्या. पेशंटने कागद मागितले की 72 तासांत द्यावेत असा मेडिकल कौन्सिलचा 2002 चा नियम आहे, तो अर्जातच लिहा. गावाहून दीडशे किलोमीटर येणाऱ्या माणसाला खिडकीवरून परत पाठवणं हा अन्याय आहे, आणि तो रोज होतो.

दिराचा पुरवणी जबाब पोलिसांकडे लवकर नोंदवून घ्या: माहिती कोणी दिली, तो जागेवर होता का, दीर तेव्हा शुद्धीत होते का. माहिती देणाऱ्याचाही जबाब हवा. आणि मोटारसायकल दुरुस्तीला टाकू नका! मागचा मडगार्ड, चेपलेली नंबर प्लेट, कारचा लागलेला रंग हे आरटीओच्या तपासणी अहवालात यायला पाहिजे. घसरलेल्या गाडीला मागून मार बसत नाही.

मुदत: 1 एप्रिल 2022 पासून दावा अपघातापासून सहा महिन्यांत मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात दाखल करावा लागतो. या मुदतीवर सर्वोच्च न्यायालयात वाद आहे, पण त्या भरवशावर राहू नका. अपघात वर्धा जिल्ह्यातला असला तरी तुम्ही राहता त्या यवतमाळ जिल्ह्यातही मोटार वाहन कायद्याच्या कलम 166 चा, म्हणजे समोरच्याचा दोष दाखवून पूर्ण भरपाई मागायचा, दावा टाकता येतो.

कोणी "अडीच लाख लगेच मिळतात" म्हणत आलं तर थांबा. त्याच कायद्याच्या कलम 164 खाली गंभीर दुखापतीला दोष सिद्ध न करता अडीच लाख मिळतात हे खरं, पण ते स्वीकारले की 166 चा दावा संपतो. हिशेब करून बघा. वय 32, महिन्याची कमाई 10,000, कामावर परिणाम 20 टक्के धरला तर 10,000 × 12 × 16 (या वयाला लागू होणारा गुणक) चे 20 टक्के म्हणजे 3,84,000. त्यावर भविष्यातल्या वाढीचे 40 टक्के धरले तर 5,37,600. दवाखान्याचा खर्च आणि वेदनांची भरपाई वेगळी. माझ्या मते हाड मोडलेल्या कमावत्या माणसाने 164 वर सही करूच नये, पण तुमच्या घरची पैशाची निकड तुम्हालाच माहीत.

अपंगत्वाचा दाखला उपचार पूर्ण झाल्यावरच काढा. दाखला देणारं मेडिकल बोर्ड पायाची टक्केवारी लिहितं, न्यायाधिकरण कामावरचा परिणाम बघतं. म्हणून दीर ट्रॅक्टर चालवत असतील, फवारणीचा पंप पाठीवर घेत असतील, तर ते साक्षीत स्पष्ट येऊ द्या. सातबारा नसला तरी ज्यांच्या वावरात ते मजुरीला जातात त्यांची साक्ष चालते.

मेडिक्लेमला मूळ बिलं देणार असाल तर त्याआधी प्रमाणित प्रती काढून ठेवा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या चेकवर सही कोणालाच देऊ नका, ओळखीच्या एजंटलाही नाही.