बाळाचा इसब आणि पोटातले जंतू

प्रश्न : माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे. सिझेरियननं झाली आणि पहिले तीन दिवस मला दूध नव्हतं म्हणून तिला पावडरचं दूध पाजलं. दोन महिन्यांची असताना गाल लाल झाले, मग कपाळ, आता दंड आणि पोटऱ्या. रात्री गाल माझ्या खांद्याला घासत राहते, झोपत नाही. डॉक्टरांनी इसब सांगितला. सासूबाई म्हणतात, माझ्या खाण्यातली उष्णता दुधातून उतरते. म्हणून दोन महिने मी दूध, दही, अंडी, शेंगदाणे, तूरडाळ, वांगं सगळं सोडलं आहे. मुगाची खिचडी आणि भाकरी खाते. परदेशातल्या नणंदेनं प्रोबायोटिक, म्हणजे पोटाला चांगल्या जिवंत जंतूंच्या, थेंबांची बाटली पाठवली आहे. सिझेरियनमुळे बाळाच्या पोटात चांगले जंतू गेले नाहीत, असं तिचं म्हणणं. थेंब द्यावेत का? आणि हे माझ्यामुळे झालं का?
— एक आई, नाशिक

उत्तर : शेवटचा प्रश्न आधी घेते, कारण तुमचं पत्र वाचताना तोच मला सगळीकडे दिसला. नाही, हे तुमच्यामुळे झालेलं नाही. काही बाळांची कातडी जन्मतःच ओल धरून ठेवण्यात कमी पडते. फिलाग्रिन नावाचं एक प्रथिन कातडीचा वरचा थर घट्ट ठेवतं. ज्यांच्या जनुकांतल्या दोषामुळे ते कमी बनतं, त्यांना इसब होण्याचा संभव बराच वाढतो, हे 2006 साली स्कॉटलंडमधल्या डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं. तुमच्या माहेरी किंवा सासरी कुणाला दमा, सकाळच्या शिंका किंवा लहानपणी असाच इसब होता का, विचारून बघा. पुष्कळदा कुणीतरी सापडतं.

नणंदबाईंच्या बोलण्यात तथ्य आहे. जन्मल्यावर आतड्यात कोणते जंतू आधी वस्तीला येतात, त्यावरून शरीर शिकतं की कशाशी लढायचं आणि कशाकडे काणाडोळा करायचा. सिझेरियनच्या बाळात सुरुवातीचे जंतू बरेचसे कातडीवरच्या जंतूंसारखे असतात. स्वीडनमध्ये 40 बाळांचा एक अभ्यास झाला, 2012 साली छापून आला. ज्या बाळांना पुढे ॲलर्जीसह इसब झाला, त्यांच्या आतड्यात महिन्याच्या वयाला जंतूंचे प्रकार कमी होते. पण हेही ऐका. आईच्या दुधात काही शर्करा अशा असतात की त्या बाळाला पचतच नाहीत. बिफिडोबॅक्टेरियम हे जंतू मात्र त्यांच्यावरच पोसतात. तुम्ही चार महिन्यांहून जास्त दिवस अंगावर पाजताय, म्हणजे दर पाजण्याला त्या जंतूंना खाऊ घालताय. पहिल्या तीन दिवसांतली पावडर आता मनातून काढून टाका.

थेंबांबद्दलची आशा फिनलंडमधल्या तुर्कू शहरातून आली. तिथे, ज्यांच्या घरात ॲलर्जीचा त्रास आहे अशा गरोदर बायकांना, दिवस भरण्याआधी दोन ते चार आठवडे लॅक्टोबॅसिलस जीजी हा जंतू दिला, आणि बाळंतपणानंतर सहा महिने चालू ठेवला. 2001 साली निकाल आला. दोन वर्षांच्या वयाला, जंतू दिलेल्या 64 मुलांपैकी 15 जणांना इसब होता. जंतू नसलेली कॅप्सूल दिलेल्या 68 पैकी 31 जणांना. जवळपास निम्मा! तो लेख वाचून मी रात्री उशिरापर्यंत जागी होते, हे आजही आठवतं. मग जर्मनीत फ्रायबुर्गला तोच जंतू, जवळपास त्याच पद्धतीनं देऊन पाहिला. 2008 मध्ये छापलेले आकडे : 28 टक्के आणि 27.3 टक्के. फरक शून्य.

शिवाय हे दोन्ही प्रयोग इसब होऊ नये म्हणून होते. तुमच्या लेकीला तो झालेला आहे. झालेल्या इसबावर प्रोबायोटिक दिल्याच्या 39 चाचण्या, एकूण 2599 रुग्ण, यांचा एकत्र आढावा 2018 साली कॉक्रेन या संस्थेनं घेतला. खाजेत आणि झोपेत फरक नगण्य. म्हणून माझं उत्तर : बाटली कपाटात राहू द्या. कुणी ओडिशातल्या अभ्यासाचा दाखला देईल. तो खराच मोठा आहे. 4556 नवजात बाळांपैकी निम्म्यांना सात दिवस लॅक्टोबॅसिलस प्लँटॅरम आणि त्याला पोसणारी एक शर्करा दिली, आणि त्यांच्यात जंतुसंसर्ग व मृत्यू मिळून प्रमाण 9 टक्क्यांवरून 5.4 वर आलं. पण तो वेगळा जंतू, वेगळं वय आणि वेगळा आजार.

आता तुमच्या ताटाबद्दल. हे लिहिताना मला माझी एक चूक सांगायची आहे. सांगलीत दवाखाना टाकून तीन वर्षं झाली असतील. एका बाळंतिणीला मी स्वतः दूध, अंडी, डाळी, दाणे बंद करायला सांगितलं. सहा आठवड्यांनी ती आली तेव्हा तिच्या हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. दूध कमी झालं होतं, बाळाचे गाल होते तसेच लाल. त्या बाळाचा इसब पुढे बरा झाला तो मलमानं आणि कातडी तेलकट ठेवल्यानं. तिच्या त्या बांगड्या मी विसरलेले नाही. म्हणून तुम्हाला सांगते, उद्यापासून जेवा. दूध, दही, अंडी, दाण्याचं कूट, तूरडाळीचं वरण, आणि घरी करत असतील तर डिंकाचे लाडूही. पदार्थावर संशय घ्यायला कारण लागतं : तो पदार्थ खाल्ल्यावर काही तासांत बाळाच्या अंगावर गांधी उठणं, वारंवार उलट्या, शीमध्ये रक्त, वजन न वाढणं. यांतलं काही असेल तर डॉक्टरांना दाखवून, एकेक पदार्थ, दोन-तीन आठवड्यांपुरता थांबवायचा आणि पुन्हा सुरू करून बघायचा. उष्णता हा शब्द सासूबाईंना काळजीपोटी सुचतो, त्यांच्याशी भांडू नका. हे पान त्यांना वाचून दाखवा.

खरी मेहनत कातडीवर घ्यायची आहे. न्हाऊ घालणाऱ्या मावशी येत असतील तर त्यांना बसवून नीट सांगा : डाळीचं पीठ चोळायचं नाही, वेखंड लावायचं नाही, धुरी द्यायची नाही. पाणी कोमट, अंघोळ पाच-दहा मिनिटांत आटोपायची. जुन्या मऊ पंचानं टिपून घ्यायचं, पुसायचं नाही. अंग ओलसर असतानाच, तीन मिनिटांच्या आत, बिनवासाचं घट्ट मॉइश्चरायझर किंवा साधी पांढरी पेट्रोलियम जेली सगळ्या अंगाला लावायची, आणि दिवसातून आणखी दोनदा. आया नखभर लावतात. आठवड्याला शंभर ग्रॅमच्या वर संपलं पाहिजे, तेव्हा पुरेसं. खोबरेल चालेल, ऑलिव्ह तेल महाग असूनही कातडीचा थर सैल करतं, ते नको. नखं दर तीन दिवसांनी कापा. अंगाला लागून सुती झबलं, लोकर वरून.

लाल, खाजऱ्या जागी डॉक्टर सौम्य स्टिरॉइड मलम देतील. ते सांगितलेले दिवस लावा, भीतीनं अर्ध्यावर सोडू नका. शेजारणीनं दिलेली, गजकर्णावरची तीन औषधांची मिश्र ट्यूब मात्र बाळाच्या गालाला कधीच लावू नका. त्यातलं स्टिरॉइड फार जहाल असतं. गालांची कातडी पातळ झालेली बाळं मी पाहिली आहेत. पिवळ्या खपल्या, पू, ताप किंवा एकदम उठलेले बारीक फोड दिसले तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : नातू चार महिन्यांचा, त्यालाही गालावर इसब आहे. बाजारच्या प्रोबायोटिकच्या पुडीपेक्षा घरच्या विरजणाचं दही बोटानं चाटवलं तर? बाळगुटीत मधही घालावा का?
— एक आजी, रत्नागिरी

उत्तर : आजी, सहा महिने पुरे होईपर्यंत आईच्या दुधाखेरीज काही नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको. त्यातल्या जंतूच्या बीजाणूंमुळे लहान बाळाला लुळेपणा आणणारा आजार होऊ शकतो. सहा महिन्यांनंतर ताजं, गोड दही चमचाभर खुशाल द्या, अन्न म्हणून. इसबाचं औषध म्हणून त्याच्याकडे बघू नका; विरजणातले जंतू घरोघरी वेगळे असतात आणि प्रयोगात वापरलेला जंतू त्यात असेलच असं नाही.

प्रश्न : मला सातवा महिना आहे. मला दमा, मोठ्या मुलाला लहानपणी इसब. मी आत्ताच प्रोबायोटिक घेऊ का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : तुर्कूचा प्रयोग तुमच्यासारख्या घरांतच झाला होता. जागतिक ॲलर्जी संघटनेनं 2015 साली अशा घरांतल्या गरोदर बायकांना प्रोबायोटिक घ्यायला सुचवलं, पण पुरावा कच्चा आहे हेही त्याच कागदावर लिहिलं. घ्यायचं असेल तर तुमच्या डॉक्टरांशी बोलून, शेवटच्या महिन्यात, जंतूचं पूर्ण नाव छापलेलंच घ्या. न घेतल्यास मनाला लावून घेऊ नका. बाळ दिवसांआधी जन्मलं तर त्याला स्वतःहून एकही थेंब देऊ नका. अपुऱ्या दिवसांच्या बाळांत हेच जंतू रक्तात शिरू शकतात, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2023 मध्ये त्याबद्दल डॉक्टरांना इशारा दिला आहे. जन्मल्यावर जमेल तितक्या लवकर, शक्यतो पहिल्या तासात, बाळाला छातीशी घ्या आणि चीक पाजा. सिझेरियन झालं तरी ते जमतं. तसं आधीच प्रसूतिगृहात सांगून ठेवा.