स्वतःची गाडी घ्यायची आहे, ताई

वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, माझे मिस्टर बारा वर्षांपासून जालन्यात एका ट्रान्सपोर्टवाल्या शेठकडे दहा टायरवर (दहा चाकी ट्रकवर) आहेत. सळई घेऊन कळंबोली, भिवंडीला जातात, येताना भंगार आणतात. ते चालवतात तीच गाडी शेठ आता विकायला काढतायत. 2019 चं मॉडेल आहे, 17 लाख म्हणतात. फायनान्सवाले 12 लाख द्यायला तयार आहेत, 14 टक्क्यांनी, चार वर्षांसाठी. आमच्याकडे पाच लाख आहेत, त्यात माझं थोडं सोनं मोडलेलं आहे. एका रोलिंग मिलमधले ओळखीचे साहेब म्हणाले, "गाडी घ्या, मिलचं थेट काम देतो. दलालापेक्षा टनामागे शंभर रुपये जास्त, पण बिल 45 दिवसांनी." गाडी माझ्या नावावर करायची असं मिस्टरांच्या मनात आहे. घ्यावी का?
— एक वाचक, जालना

उत्तर : ताई, ज्या गाडीचा सौदा आहे ती तुमचे मिस्टर स्वतः चालवतात, हे भाग्य जुनी गाडी घेणाऱ्या फार थोड्यांना मिळतं. गिअरबॉक्स कधी उघडला होता, कुठल्या चाकाचा हब तापतो, चढाला कितव्या गिअरवर दम लागतो, हे त्यांना कुणी सांगायला नको. दुसरं गिऱ्हाईक चेसिसवरचा ताजा रंग बघून फसेल, ते फसणार नाहीत. शिवाय 2019 ची म्हणजे बीएस-4 (प्रदूषणाचा आधीचा नियम). त्यातल्या काही गाड्यांना युरियाची टाकी असते, काहींना नसते, हेही त्यांना माहीत असेल. गाडीबद्दल मला काळजी नाही. काळजी वाटते ती तुमच्या पत्रातल्या दोन आकड्यांची : पाच लाख आणि पंचेचाळीस दिवस.

वही घ्या आणि माझ्याबरोबर लिहा. आमच्या घरी दोन गाड्या आहेत, ह्यांची आणि दिरांची. दोन्हींच्या वह्या पहिल्यापासून मी लिहिते, म्हणून हक्काने सांगते आहे.

12 लाखांना 14 टक्क्यांनी 48 हप्ते म्हणजे महिन्याला 32,800 च्या आसपास. विम्याचं बघा. 20 ते 40 टनांच्या मालगाडीचा नुसता थर्ड पार्टीचा दर 2022 साली 43,950 ठरला. त्यावर जीएसटी आणि गाडीचा स्वतःचा विमा. वर्षाचे 70,000 धरा, महिन्याला 5,800 झाले. नॅशनल परमिटचे वर्षाला 16,500, शिवाय टॅक्स आणि पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी). गाडीला आठ वर्षं होईपर्यंत पासिंग दोन वर्षांनी असतं, तुमच्या गाडीचं 2027 पासून दरवर्षी होईल. या सगळ्यासाठी महिन्याला 4,000 बाजूला टाका. आणि मिस्टरांचा पगार! हा बहुतेक घरांत धरतच नाहीत, कारण "आपलीच गाडी, आपणच ड्रायव्हर". पण घर आज ज्या पगारावर चालतंय तो उद्या गाडीनेच द्यायचा आहे. 20,000 लिहा.

बेरीज 62,600. म्हणजे चाक फिरो न फिरो, रोजचे जवळपास 2,100 रुपये. मिलच्या गेटवर दोन दिवस नंबर लागला नाही, गाडी खोटी झाली, की 4,200 गेले. टायर यात धरलेलेच नाहीत. एक टायर 22,000 चा धरला तर दहांचे दोन लाख वीस हजार होतात. म्हणून किलोमीटरमागे तीन रुपये टायरच्या नावाने वेगळ्या खात्यात टाकत जा. ते पैसे घरखर्चात मिसळले की टायर उधारीवर येतो, आणि उधारीचा टायर नेहमी महाग पडतो.

आता मिलचं काम. जालना ते कळंबोली जाऊन-येऊन, आत-बाहेर धरून साडेआठशे किलोमीटर. भरल्या गाडीला लिटरला चारचं ॲव्हरेज धरलं तर डिझेलच 19-20 हजारांचं. टोल, वजनकाटा, हमाली, रस्त्यातलं जेवणखाण मिळून फेरीला 27-28 हजार आधी खिशातून जातात. पाच दिवसांना एक फेरी म्हटली तर 45 दिवसांत नऊ फेऱ्या. अडीच लाख रस्त्यावर ओतून झाले आणि पहिल्या फेरीचं बिल अजून यायचंच आहे. त्याच काळात दोन हप्ते आणि दीड महिन्याचं घर धरा. साडेतीन लाखांच्या आसपास लागतात. परतीच्या भंगाराचं भाडं रोख मिळालं तर थोडा श्वास मिळेल, पण परतीचं भाडं रोज मिळतं असं नाही, त्याच्यावर हप्ता बेतू नका. आणि साहेबांना हेही विचारा की 45 दिवस कधीपासून मोजायचे : माल उतरल्यापासून, बिल्टीची (माल भरल्याच्या पावतीची) पोच ऑफिसात जमा झाल्यापासून, की बिल पास झाल्यापासून? या तिन्हींत पंधरा-वीस दिवसांचा फरक पडू शकतो.

टनामागे शंभर रुपये ऐकायला गोड लागतात. तुमच्या गाडीत 18 टन बसेल, म्हणजे फेरीला 1,800, नऊ फेऱ्यांचे 16,200. एवढ्यासाठी तुम्ही मिलला साडेतीन लाख बिनव्याजी वापरायला देणार, तेही जे तुमच्याकडे नाहीतच. मग पंपावर उधारी, मग शेकडा तीनचा सावकार, मग थकलेला हप्ता. फायनान्सच्या यार्डात ओढून आणलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यातल्या कितीतरी गाड्यांना काम भरपूर होतं, फक्त पैसा बाहेर अडकला होता.

म्हणून माझं म्हणणं असं. गाडी घ्या, पण दोन लाख हातात ठेवूनच घ्या. मिस्टरांनी बारा वर्षं इमानाने गाडी चालवली आहे, शेठशी मोकळेपणाने बोला. 17 चे 16 होतात का बघा, आणि उरलेला एखादा लाख ते वर्षभरात भाड्यातून वळते करून घेतील का तेही विचारा. जे ठरेल ते स्टॅम्पपेपरवर लिहून घ्या, ओळख कितीही जुनी असली तरी. दुसरं म्हणजे पहिले सहा महिने गाडी शेठच्याच ट्रान्सपोर्टला लावा. त्यांच्याकडून भरताना ॲडव्हान्स मिळेल, त्यात डिझेल निघेल, बाकी पोच दिल्यावर. ते कमिशन कापतील, कापू द्या. मिलच्या साहेबांना नाही म्हणू नका, महिन्यातून एकच फेरी त्यांची करा आणि बिल खरंच कितव्या दिवशी येतं ते वहीत लिहा. तीन बिलं वेळेवर आली की फेऱ्या वाढवा. शेठ काहीच सोडायला तयार नसतील तर सहा महिने थांबा आणि पैसे साठवा. दहा टायर पुन्हा मिळेल, तुमचं सोनं एकदाच मोडायचं आहे.

नावाबद्दल. मिस्टरांनी प्रेमाने म्हटलं असेल, पण गाडी त्यांच्याच नावावर करा. विम्यात मालक-चालकासाठी 15 लाखांचं अपघाती संरक्षण असतं. ते आरसीवर ज्याचं नाव आहे आणि ज्याच्याकडे त्या गाडीचं चालू लायसन्स आहे, त्यालाच मिळतं. गाडी तुमच्या नावावर आली की मिस्टर विम्याच्या लेखी पगारी ड्रायव्हर होतात आणि हे 15 लाख त्यांना लागू होत नाहीत. काही कारणाने तुमच्याच नावावर करावी लागली, तर पॉलिसीत पगारी ड्रायव्हरचं संरक्षण जादा पैसे भरून घ्या आणि त्यांचा अपघाती विमा वेगळा काढा. आणि पॉलिसीवर वारस म्हणून तुमचं नाव आहे का, ते स्वतः वाचा. एजंट म्हणाला म्हणून सोडू नका.

कागदांत घाई नको. पैसे देण्याआधी गाडी नंबरवरची थकलेली ई-चलनं ऑनलाइन बघा. बारा वर्षांच्या नात्यात हे विचारायला संकोच वाटतो, पण नाव बदलल्यावर ती चलनं तुमच्या दारात येतात. शेठच्या कर्जाचा बोजा आरसीवर असेल तर फायनान्सची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम सोडू नका. आरसी नावावर झाली म्हणजे सगळं झालं असं नाही. परमिट वेगळं नावावर करावं लागतं, आणि विमा कंपनीकडे 14 दिवसांत अर्ज द्यावा लागतो.

इन्कम टॅक्सला घाबरू नका, उलट पहिल्याच वर्षापासून रिटर्न भरा. दहापर्यंत गाड्या असणाऱ्यांसाठी अंदाजे उत्पन्नाची सोय आहे : 12 टनांवरच्या गाडीला एकूण वजनाच्या दर टनामागे महिन्याला 1,000 रुपये. 28 टनांच्या गाडीचे वर्षाचे 3,36,000 होतात, वह्यांचं ऑडिट लागत नाही. ट्रान्सपोर्टवाल्याला पॅन आणि लेखी घोषणा द्या, म्हणजे भाड्यातून टीडीएस कापला जाणार नाही. उद्या दुसरी गाडी घ्यायची झाली की बँक आधी रिटर्न मागते.

आणि एक विनंती. हिशोब तुम्हीच ठेवा. मिस्टर फेरीवरून आले की झोपायच्या आधी पावत्या मागायच्या, डिझेलच्या पावतीवर मीटरचं रीडिंग लिहायचं. ॲव्हरेज चारवरून साडेतीनवर आलं की ते तुम्हाला वहीत आधी दिसेल, त्यांना रस्त्यावर नंतर कळेल.

प्रश्न : ताई, नवीन दहा टायर घेतली आहे, आरसीवर 28 टन. दलाल म्हणतो, 22 टन सळई भर, दंड झाला तर मी देतो. सगळेच भरतात. काय करू?
— एक चालक-मालक, वाळूज

उत्तर : दादा, भरू नका. जुलै 2018 मध्ये केंद्राने अक्षभार (चाकांच्या एका अक्षावर चालणारं वजन) वाढवला म्हणून तुमच्या आरसीवर माल धरून एकूण वजन 28 टन आहे, आधीच्या दहा टायरवर 25 असायचे. गाडीचं स्वतःचं वजन दहाच्या आसपास जातं, उरतात 18. चार टन जादा म्हणजे कायद्याने 20,000 आणि प्रत्येक जादा टनाला 2,000, एकूण 28,000, शिवाय जादा माल जागेवर उतरवायचा. चलन गाडी नंबरवर निघतं, दलालाचं नाव त्यात कुठेच नसतं.

पण मला दंडापेक्षा सळईची भीती वाटते. दहा टायरच्या हौद्यात बारा मीटरची सळई सरळ मावत नाही, म्हणून बंडल मधोमध वाकवून भरतात. ते बंडल आणि केबिनची पाठ यांच्यात मोकळी जागा राहिली आणि उतारावर जोरात ब्रेक मारावा लागला, तर माल पुढे सरकतो. लोखंड एकदा सरकायला लागलं की पुढचा पत्रा त्याला अडवू शकत नाही, आणि पत्र्याच्या पलीकडे तुम्ही बसलेले असता. भरताना क्रेनवाल्याजवळ स्वतः उभे राहा. बंडल पुढच्या पाटीला टेकवून घ्या, साखळी दोन ठिकाणी आवळा, दहा-वीस किलोमीटरवर थांबून ती पुन्हा तपासा. फाळक्याच्या बाहेर एकही टोक नको. ज्या दलालाला हे चालत नाही, त्याचं भाडं दुसऱ्याला जाऊ द्या.

प्रश्न : कळंबोलीत उतरवताना पार्टीने भाड्यातून हमाली आणि वाराई (माल उतरवण्याचे पैसे) कापली. ट्रान्सपोर्टवाला म्हणतो, तुमचं तुम्ही बघा. वर ई-वे बिलाची (मालासोबतच्या जीएसटीच्या ऑनलाइन कागदाची) मुदत संपली म्हणून वाटेत गाडी अडवली ती वेगळीच. यात आमची बाजू कोण घेणार?
— एक वाचक, सिल्लोड

उत्तर : "ज्याचा माल त्याचा हमाल" ही मालवाहतूकदारांची जुनी मागणी आहे आणि ती शंभर टक्के न्यायाची आहे. गाडीवाला वाहतुकीचे पैसे घेतो, माल उतरवायचे नाही. पण गोदामाच्या दारात भांडून उपयोग होत नाही, तिथे गाडी अडकते आणि दिवस तुमचा जातो. भाडं ठरवतानाच "हमाली-वाराई पार्टीकडे" हे बिल्टीवर लिहून घ्या. ट्रान्सपोर्टवाला लिहायला तयार नसेल तर तेवढी रक्कम भाड्यात आधी वाढवून मागा. तसंच दुसऱ्या दिवसानंतर गाडी उभी राहिली तर रोजचे किती, हेही त्याच ओळीत येऊ द्या.

ई-वे बिलाला 200 किलोमीटरमागे एक दिवस मिळतो. गाडी वाटेत बिघडली तर मुदत वाढवता येते, पण मुदत संपण्याच्या आधीचे आठ तास आणि नंतरचे आठ तास, एवढ्यातच. त्यामुळे बिघाड झाला की आधी ट्रान्सपोर्टवाल्याला फोन, मेस्त्रीला नंतर. माल दुसऱ्या गाडीत पलटी केला तर नवा गाडी नंबर बिलात चढवल्याशिवाय हलू नका. आणि गेटमधून निघताना बिलावरचा नंबर शेवटचे चार आकडे बघून सोडू नका, एमएच पासून पूर्ण जुळवा.