मिस्त्रीने परत केलेले दोन हजार

टेक्सासला राहणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे. डिसेंबरात त्या लेकरांना घेऊन माहेरी आल्या होत्या. बाबांच्या जुन्या गाडीतून सगळे नागपूरहून निघाले. यवतमाळ मागे पडलं, गाडी दारव्हा रोडला लागली आणि बॅटरीचा लाल दिवा पेटला. पाठोपाठ इंजिन तापलं. बेल्ट तुटला होता. बाबांनी गावातल्या मिस्त्रीला फोन लावला. पाऊण तासात तो मोटारसायकलवर आला, नवा बेल्ट खांद्यावर अडकवून. तुरीच्या वावराच्या कडेला मातीत आडवा पडून त्याने बेल्ट चढवला, रेडिएटरमध्ये पाणी भरलं, गाडी चालू करून पाच मिनिटं नुसतं ऐकत उभा राहिला. बेल्टवर छापलेली किंमत आणि वर मजुरी दोनशे, एवढेच त्याने घेतले.

ताईंनी पाचशेच्या चार नोटा त्याच्या खिशात कोंबल्या. त्याने त्या काढल्या, घडी सरळ केली आणि परत त्यांच्या हातावर ठेवल्या. ‘राहू द्या ताई, मजुरी भेटली न.’ बाबा घर येईस्तोवर एक शब्द बोलले नाहीत. ताई विचारतात, माझं चुकलं काय? आणि इकडे टेक्सासात गॅरेजवाल्याला टिप द्यावी की नाही?

टेक्सासचं आधी सांगते, ते थोडक्यात आहे. तिथे हॉटेलातल्या वेटरला टिप द्यावीच लागते, कारण त्याचा पगारच तसा बांधलेला असतो. टिप मिळणाऱ्या कामगाराला मालकाने तासाला किमान २.१३ डॉलर दिले तरी कायद्याला चालतं, आणि हा आकडा १९९१ पासून हललेला नाही. बाकीचं गिऱ्हाइकाने भरून काढायचं. मेकॅनिकचं तसं नाही. त्याची मजुरी तुमच्या बिलात धरलेलीच असते, त्यामुळे टिप दिली नाही म्हणून कोणी मनाला लावून घेत नाही. काही ठिकाणी तर रोख घ्यायची मनाईच असते. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवा. बऱ्याच गॅरेजांत प्रत्येक कामाचे तास आधीच ठरलेले असतात आणि मेकॅनिकला तेवढ्याच तासांचे पैसे मिळतात. तुमच्या गाडीतला एखादा बारीक आवाज शोधायला त्याने दुपार घातली असेल, तर ती त्याच्या पदरची गेली. अशा वेळी सगळ्यांना पुरेल असा डोनटचा डबा घेऊन जा आणि मॅनेजरला त्याचं नाव घेऊन सांगा की काम चांगलं केलं. माझा मुलगा जर्मनीत असतो. तो सांगतो, तिकडे गॅरेजच्या टेबलावर कॉफीसाठी गल्ला ठेवलेला असतो, त्यात चार-पाच युरो टाकायचे. ही पद्धत मला आवडली. पैसे कोणाच्या हातावर ठेवावे लागत नाहीत.

आता आपल्याकडचं. इथे जरा थांबून सांगावं लागेल.

तीन वर्षांपूर्वी मृगाचा पाऊस पडला आणि पेरणीच्या ऐन तोंडावर आमच्या ट्रॅक्टरचं हायड्रॉलिक बसलं. पेरणी यंत्र उचलेना. ज्याच्या वावरात वाफसा आला त्याला एक दिवससुद्धा वाट बघता येत नाही. मिस्त्री संध्याकाळी आला, पंप खोलला, यवतमाळहून सामान आणायला स्वतःच्या भाच्याला पिटाळलं. सामानाचे पैसे त्यानेच भरले. रात्री एक वाजेपर्यंत तो गोठ्याशेजारी बसून होता. दोन्ही हात तेलात, म्हणून मोबाइलचा टॉर्च दातात धरलेला. मी चहा घेऊन गेले तर बोलता येईना, मानेनेच ठेवा म्हणाला. सकाळी पेरणी लागली.

ते पैसे आम्ही त्याला डिसेंबरात दिले, पहिल्या वेच्याचा कापूस विकला तेव्हा. सहा महिने त्याने आमची उधारी ओढली आणि एकदाही दारात येऊन मागितली नाही. त्याच्या वहीत असे वीस-पंचवीस जण असतील. आमच्या भागातला प्रत्येक मिस्त्री असाच चालतो. सोयाबीन निघालं की थोडे, कापूस निघाला की उरलेले.

म्हणून ताई, तुमचे दोन हजार त्याने परत केले ते रागाने नव्हे. तुमच्या बाबांशी त्याचा हिशेब वर्षानुवर्षं चालू आहे, तुम्ही तो एका झटक्यात मिटवल्यासारखं झालं. बाबा गप्प राहिले कारण तुम्ही परत गेल्यावर रात्री-बेरात्री त्याला फोन करायची वेळ त्यांच्यावरच येणार आहे. आणखी एक. सुटीत आलेल्या माणसाने एकदा मोठी रक्कम दिली की त्याची चर्चा गावभर होते, आणि पुढच्या वेळी दोनशे देताना तुमच्या बाबांनाच कमीपणा वाटतो.

मग काय करायचं? बाबांना एकटं गाठून विचारा की मिस्त्रीच्या वहीत आपलं काही बाकी आहे का. असेल तर विमानात बसण्याआधी ते पैसे बाबांच्या हातात द्या, देऊ दे त्यांनाच. हंगामाच्या मधेच मिळालेले नगद पैसे त्याला कोणत्याही बक्षिसीपेक्षा जास्त उपयोगी पडतात. मजुरीत घासाघीस करू नका. मोबाइलवर बेल्टचा ऑनलाइन भाव काढून त्याच्यासमोर धरू नका, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि फार वाईट दिसतं. दोनशे कमी वाटले, तर काम सुरू व्हायच्या आधीच म्हणा, ‘भाऊ, जायचं-यायचं पेट्रोल धरा.’ ते तो घेईल, कारण ते कामाचे पैसे आहेत.

वरकड पैसे आपल्याकडे देतच नाहीत असं नाही, पण त्याला दिवस आणि नाव असतं. पोळ्याला बैलं दारी आली की आपण बैलवाल्याला बोजारा म्हणून पैसे देतोच ना? तसं दसऱ्याला पाने-जॅक मांडून गॅरेजमध्ये पूजा होते, झेंडूच्या माळा चढतात. त्या दिवशी बाबांसोबत पेढे आणि पाकीट पाठवलं तर तो कपाळाला लावून घेतो.

हाताखालच्या पोऱ्याला पन्नास-शंभर दिले तर चालतं. पण पोरगा चौदाच्या आतला दिसला, तर नोट देऊन गाडीत बसू नका. चौदाच्या आतल्या मुलाला कामावर ठेवणं कायद्याने बंद आहे. तो शाळेत का नाही, हे मिस्त्रीला आपुलकीने विचारा आणि बाबांनाही विचारायला लावा.

हायवेवरच्या अनोळखी मिस्त्रीला मात्र बिनधास्त शंभर-दोनशे वर द्या, तिथे मागचापुढचा हिशेब नसतो. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये मजुरी आणि तिच्यावरचा १८ टक्के जीएसटी बिलात असतो, तिथे काहीच देऊ नका.

आणि पुढच्या वेळी याल तेव्हा त्याच्यासाठी डोक्याला बांधायचा टॉर्च आणा. चार्जिंगचाच घ्या, सेलचा नको. बाबांना सोबत घेऊन गॅरेजवर जा, त्यांच्या हातून द्या आणि तिथल्या बाकड्यावर बसून चहा घ्या.