टिपणं माझी, प्रकल्प सगळ्यांचा

प्रश्न: आमच्या टीमचा प्रकल्प गिटवर (फाइलींच्या बदलांचा इतिहास ठेवणारं सॉफ्टवेअर) आहे. त्याच फोल्डरात माझी टिपणं आणि फक्त माझ्या मशीनपुरती एक सेटिंगची फाइल असते. गिटइग्नोरमध्ये (गिटनं सोडून द्यायच्या फाइलींची यादी) नावं टाकली तर त्यांचा इतिहास राहत नाही. नाही टाकली तर एखाद्या दिवशी सगळ्यांकडे जातील. त्यांच्यासाठी वेगळी ब्रांच, म्हणजे प्रकल्पाची समांतर शाखा, काढू का?

उत्तर: ब्रांच नको. ती बदलली की त्या फाइली फोल्डरातून नाहीशा होतात, म्हणजे ऐन कामात हाताशी नाहीत. शिवाय एक चुकीचा पुश झाला, म्हणजे ती ब्रांच टीमच्या सामायिक जागी पाठवली गेली, की त्या बाहेर.

मीही बरेच दिवस नुसत्या गिटइग्नोरवर भागवलं. एका संध्याकाळी बिल्डचा कचरा काढायला 'गिट क्लीन -एफडीएक्स' दिलं. त्यातला एक्स इग्नोर केलेल्या फाइलीही पुसतो. माझी चार महिन्यांची टिपणं गेली. गिटकडे ती कधी दिलीच नव्हती, मग परत कुठून मिळणार? फार जिवाला लागलं होतं ते.

तेव्हापासून एकाच फोल्डरावर मी दोन गिट चालवते. दुसरी रिपॉझिटरी (गिट इतिहास साठवतं ती जागा) प्रकल्पाच्या बाहेर, होम फोल्डरात 'गिट इनिट --बेअर'नं बनवा. तिच्या प्रत्येक कमांडला '--गिट-डिर'मध्ये तिचा पत्ता आणि '--वर्क-ट्री'मध्ये प्रकल्पाचा फोल्डर द्यावा लागतो. एवढं रोज कोण टाइप करणार, म्हणून शेलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करतो तिथे, एलियस (लांब कमांडचं छोटं नाव) करा. माझ्याकडे त्याचं नाव 'खाजगी' आहे. 'स्टेटस.शोअनट्रॅक्डफाइल्स' ही सेटिंग तिच्यापुरती 'नो' करा, नाहीतर काय बदललं ते सांगणारी स्टेटस कमांड अख्खा प्रकल्प दाखवत बसेल. आणि फाइल गिटकडे देणाऱ्या 'ॲड'पुढे टिंब (म्हणजे सगळ्याच फाइली) कधीच नको, फाइलचं नाव लिहा.

आता खरी मेख. खाजगी फाइलींची नावं गिटइग्नोरमध्ये लिहू नका. गिटइग्नोरची फाइल सगळ्यांकडे जाते, आणि दुसरं गिटही ती वाचून तुमच्या फाइली घ्यायला नकार देतं. नावं प्रकल्पाच्या डॉट-गिट फोल्डरातल्या 'इन्फो/एक्सक्लूड'मध्ये लिहा. ही यादी फक्त त्या एका रिपॉझिटरीपुरती असते आणि पुशबरोबर जात नाही.

पुन्हा कधी क्लीननं फाइली पुसल्याच, तर 'खाजगी चेकआउट' आणि फाइलचं नाव द्या, शेवटच्या कमिटमधलं, म्हणजे गिटमध्ये शेवटचं नोंदवलेलं, सगळं परत येतं. या रिपॉझिटरीला रिमोट (पुश जिथे जातो ती दुसरीकडची प्रत) मात्र जोडू नका. मी दर आठवड्याला 'गिट बंडल'नं तिच्या सगळ्या इतिहासाची एकच फाइल करून बाहेरच्या डिस्कवर ठेवते. पासवर्ड यातही नकोत. गिट इतिहास कुलूपबंद करत नाही, डिस्क हातात पडली की कोणीही वाचू शकतं.